ठराव झाला, पाणी कुठे? अपंगांसाठी बंद राहिलेल्या वेबचा इतिहास

१४ एप्रिलच्या सकाळी आपल्या प्रत्येकाच्या फोनवर जयंतीची पोस्टर येऊन पडतात. बाबासाहेबांचा फोटो, मिरवणुकीची वेळ, निघण्याचे ठिकाण, व्याख्यात्याचे नाव, खाली मंडळाचे नाव. पुढच्या जयंतीला एक प्रयोग करून पाहा. अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' नावाची सोय असते. पडद्यावरचा मजकूर ती मोठ्याने वाचून दाखवते. ती चालू करा, डोळे मिटा आणि तीच पोस्टर ऐकायचा प्रयत्न करा. फोन बहुतेक वेळा एवढेच सांगेल: 'फोटो'. पुढचे पोस्टर: 'फोटो'. त्याच्या पुढचे: 'फोटो'. मिरवणूक किती वाजता, कुठून, कोण बोलणार, काही कळणार नाही. आता काही फोन चित्रात काय असेल याचा अंदाज सांगतात, पण अंदाजावर कुणी घरातून निघत नाही.

आपल्या अंध बांधवांना आपण दरवर्षी असेच निमंत्रण पाठवतो.

पोस्टर करणाऱ्या मुलाच्या मनात कुणाला बाहेर ठेवायचे नव्हते, हे मला मान्य आहे. पण 'आमच्या मनात तसे काही नव्हते' हे उत्तर आपण स्वतः आजवर किती वेळा ऐकले आहे? ज्याच्यासाठी रस्ता बंद आहे, त्याला बंद करणाऱ्याच्या हेतूशी काय देणेघेणे? त्याला पलीकडे जायचे असते.

या लेखात एक इतिहास सांगायचा आहे. संगणक अपंग माणसांसाठी आधी थोडा उघडा होता, मग तो बंद कसा झाला, तो उघडण्यासाठी कोण लढले आणि अजून कोणते दार बंद आहे, याचा. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. या इतिहासात कायद्यांची आणि नियमांची टंचाई क्वचितच होती. टंचाई होती ती अंमलबजावणीची. आणि जे थोडेफार पदरात पडले ते वाचण्यापुरते पडले. लिहिण्याची आणि घडवण्याची हत्यारे अजून बहुतांशी कुलपातच आहेत.

महाडचे माप

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या करा, असा तो ठराव. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर सगळे झाले होते. तरीही २० मार्च १९२७ पर्यंत तिथले पाणी कुणाच्या ओंजळीत आले नाही. त्या दिवशी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा ते आले. त्यानंतरही दावा चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले.

ठराव आणि ओंजळ यांच्यातले हे अंतर म्हणजे माझे माप. पुढचा सगळा इतिहास मी याच मापाने मोजणार आहे.

इथे एक सावधगिरी. जात आणि अपंगत्व एक नाहीत. जातीची बंदी धर्माज्ञेने आणि लाठीने राखली गेली. अपंगांची बंदी पुष्कळदा बेफिकिरीने आणि दयेच्या भाषेने राखली जाते. दोन्ही वेदनांची बेरीज-वजाबाकी करण्यात अर्थ नाही. पण दोन्ही ठिकाणी एक प्रश्न सारखाच आहे: सार्वजनिक गोष्ट सगळ्यांची आहे की नाही? आणि दोन्ही ओझी एकाच पाठीवर असलेली माणसे आपल्यात आहेत. २०११ च्या जनगणनेत देशातील अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख भरली. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण २.२१ टक्के होते, तर अनुसूचित जातींमध्ये २.४५ टक्के. म्हणजे हा प्रश्न दुसऱ्या कुणाचा नाही. तो आपल्या वस्तीतलाच आहे.

अक्षरे गेली, चित्रे आली

१९८० च्या दशकातला संगणक आठवा किंवा कुणा मोठ्याला विचारा. काळा पडदा आणि त्यावर फक्त अक्षरे. एका ओळीत ८० अक्षरे, अशा २५ ओळी. माउस नाही, चित्रे नाहीत. तो संगणक डोळसांना रुक्ष वाटे, पण अंध माणसाला तो सोयीचा होता. पडद्यावर जे दिसे ते संगणकाच्या स्मृतीत अक्षर म्हणूनच साठलेले असे. ते उचलायचे आणि यंत्राच्या आवाजात बोलायचे, एवढेच काम. अशा सॉफ्टवेअरला स्क्रीन रीडर म्हणतात. टेड हेन्टर या मोटरसायकल शर्यतपटूची दृष्टी १९७८ मध्ये अपघातात गेली. तो प्रोग्रामिंग शिकला आणि १९८९ मध्ये त्याच्या कंपनीने 'जॉज' हा स्क्रीन रीडर आणला. अंध माणसे संगणकावर नोकऱ्या करू लागली.

मग चित्रांचा पडदा आला. मॅकिंटॉश १९८४ मध्ये आला होता, आणि १९९० नंतर विंडोज घराघरात, कार्यालयात पोचले. आता पडद्यावर अक्षरे नव्हती, ठिपके होते. 'जतन करा' या शब्दाच्या जागी फ्लॉपीचे चित्र आले. डोळस माणसाला संगणक सोपा झाला आणि त्याच दिवशी अंध कर्मचाऱ्याच्या हातातले काम सुटायची वेळ आली. ठिपक्यांच्या ढिगातून अक्षर शोधणारे नवे स्क्रीन रीडर तयार व्हायला काही वर्षे गेली. जॉजची विंडोजवरची आवृत्ती १९९५ च्या जानेवारीत आली.

यातला धडा नीट पाहा. त्या कर्मचाऱ्याचे डोळे १९८९ मध्ये जसे होते तसेच १९९३ मध्ये होते. बदलला तो पडदा. म्हणजे त्याचा अडथळा त्याच्या शरीरात नव्हता, कुणीतरी घेतलेल्या निर्णयात होता. निर्णय माणसाने घेतलेला असेल तर तो माणसाला बदलता येतो. 'नशिबाचे भोग' म्हणून गप्प बसायचे कारण उरत नाही.

कायदा होता, सही नव्हती

हक्कांची लढाई मात्र वेबच्याही आधीची आहे. अमेरिकेत १९७३ मध्ये पुनर्वसन कायदा झाला. त्याच्या कलम ५०४ मध्ये म्हटले होते की केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमातून अपंगत्वामुळे कुणालाही वगळता येणार नाही. कलम उत्तम होते. पण ते लागू करणारी नियमावली जवळजवळ चार वर्षे सहीविना पडून राहिली. सरकारे बदलली, सही झाली नाही.

५ एप्रिल १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये दीडशेच्या आसपास अपंग आंदोलक आणि त्यांचे साथी सरकारी इमारतीत शिरले आणि तिथेच बसले. कुणी व्हीलचेअरवर, कुणाला रात्री कूस बदलायलाही मदत लागे, कुणाची औषधे बाहेर राहिलेली. इमारतीतले फोन बंद केले गेले तेव्हा कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीतून हातांच्या खुणांनी बाहेरच्यांशी बोलणे चालू ठेवले. तीन आठवड्यांहून जास्त ते हलले नाहीत.

त्यांना रोज गरम जेवण कोणी पुरवले? ब्लॅक पँथर पार्टीने. आंदोलकांमध्ये ब्रॅड लोमॅक्स हा त्यांचा स्वतःचा कार्यकर्ता होता. मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे तो व्हीलचेअर वापरत असे. काळा आणि अपंग, दोन्ही. १९७२ मध्ये मुंबईत ज्यांच्या नावावरून आपल्या तरुणांनी 'दलित पँथर' हे नाव घेतले, ते हेच पँथर. आपण त्यांचे जहाल भाषण आठवतो, आवळलेली मूठ आठवतो. त्यांनी वाहून नेलेली जेवणाची भांडीही आठवायला हवीत. दुसऱ्याच्या लढ्यात आपले अन्न घेऊन उभे राहणे हेही पँथरपणच आहे.

२८ एप्रिल १९७७ रोजी नियमांवर सही झाली. १९७३ चा ठराव, १९७७ ची ओंजळ.

वेगळा माठ

वेबचा जन्म झाला तेव्हा तेही अक्षरांचेच होते. पुढे पानावर चित्रे आली. चित्रासोबत कोडमध्ये त्याचे वर्णन लिहायची जागा असते, तिला 'आल्ट' म्हणतात. डोळ्यांना ते दिसत नाही, स्क्रीन रीडर ते वाचतो. १९९७ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या एचटीएमएल ४ मध्ये हे वर्णन सक्तीचे केले गेले. त्याच वर्षी वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने अपंगांसाठी वेगळा उपक्रम सुरू केला आणि ५ मे १९९९ रोजी संकेतस्थळ सर्वांना वापरता यावे यासाठीची पहिली नियमावली, डब्ल्यूसीएजी, प्रसिद्ध झाली. यात केवळ अंधांचा विचार नाही. कर्णबधिरांसाठी व्हिडिओखाली मजकूर, हात थरथरणाऱ्यांसाठी माउसशिवाय सगळे करता येणे, कमी दिसणाऱ्यांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमीच्या रंगांत पुरेसा फरक, अपस्माराचा त्रास असणाऱ्यांसाठी लुकलुकणाऱ्या चित्रांवर मर्यादा, हे सगळे त्यात आले.

पण त्या काळात मालकांनी एक पळवाट शोधली होती. मुख्य संकेतस्थळ जसे आहे तसेच ठेवायचे आणि बाजूला 'फक्त मजकूर' असलेले एक वेगळे पान करायचे. अपंगांनी तिकडे जावे. त्या पानाकडे मग कोणी पाहत नसे, तिथली माहिती शिळी होत जाई. शाळेच्या कोपऱ्यात ठेवलेला वेगळा माठ ज्यांच्या घरातल्या मागच्या पिढ्यांना ठाऊक आहे, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. नियमावलीनेही असे वेगळे पान हा अगदी शेवटचा उपाय मानला.

पहिला मोठा खटला सिडनीत झाला. ब्रूस मॅग्वायर हे अंध गृहस्थ. २००० च्या ऑलिंपिकचे संकेतस्थळ आपल्याला वापरता येत नाही, अशी तक्रार त्यांनी १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे केली. चित्रांना वर्णने नव्हती, वेळापत्रकाच्या पानावरून क्रीडाप्रकारांच्या यादीकडे जाता येत नव्हते, निकालांची कोष्टके वाचता येत नव्हती. आयोजक म्हणाले, हे दुरुस्त करायला एक वर्षाहून जास्त काळ आणि वीस लाख डॉलरहून जास्त खर्च येईल. मॅग्वायर यांच्या बाजूने तज्ज्ञांनी साक्ष दिली की हे काम काही आठवड्यांत आणि त्याच्या लहानशा भागात होते. आयोगाने २४ ऑगस्ट २००० रोजी निकाल दिला: हा भेदभाव आहे, १५ सप्टेंबरपर्यंत सुधारणा करा. १५ सप्टेंबरला ऑलिंपिक सुरू झाले, स्पर्धा संपल्या, सांगितलेल्या सुधारणा पूर्ण झाल्या नाहीत. नोव्हेंबरमध्ये आयोगाने वीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई द्यायला लावली.

मॅग्वायर जिंकले, पण खेळांचे निकाल त्यांना वाचता आले नाहीत. भरपाई मिळाली, पाणी नाही.

आणि आज? वेबएम ही अमेरिकेतली संस्था दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची पहिली पाने यंत्राने तपासते. २०१९ मध्ये ९७.८ टक्के पानांवर या नियमांचे उघड उल्लंघन सापडले. २०२५ मध्ये ९४.८ टक्के. नियम येऊन पाव शतक झाले. सर्वांत जास्त सापडणाऱ्या चुकांमध्ये फिकट अक्षरे आणि चित्रांचे नसलेले वर्णन याच आहेत. म्हणजे जे दुरुस्त करायला फुटकी कवडी लागत नाही, तेच सर्वांत जास्त बिघडलेले.

वाचक हवा की लेखक?

आता या इतिहासातले ते पान, ज्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही.

सिडनीच्या खटल्यात मॅग्वायर यांच्या बाजूने साक्ष देणाऱ्यांत टोरोंटो विद्यापीठातल्या युटा ट्रेव्हिरानस होत्या. डब्ल्यूथ्रीसीमध्ये त्या आणखी एका नियमावलीचे काम चालवणाऱ्या गटाच्या प्रमुख होत्या. ती नियमावली ३ फेब्रुवारी २००० रोजी आली. तिचे नाव एटीएजी. डब्ल्यूसीएजी संकेतस्थळांबद्दल बोलते. एटीएजी ज्या साधनांनी संकेतस्थळे बनतात त्या साधनांबद्दल बोलते. तिची दुसरी आवृत्ती २४ सप्टेंबर २०१५ रोजी आली आणि तिचे सरळ दोन भाग केले गेले. पहिला भाग: लिहिण्याचे, पाने रचण्याचे साधन अपंग माणसाला स्वतः वापरता आले पाहिजे. दुसरा भाग: त्या साधनाने कुणीही काही बनवले तरी ते अपंग वाचकांना वाचता येईल, यासाठी साधनानेच मदत केली पाहिजे. उदाहरणार्थ, चित्र टाकताच त्याचे वर्णन विचारले पाहिजे.

पहिल्या भागाचे महत्त्व आपल्या वाचकाला चटकन कळेल. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' का काढला? वर्तमानपत्रे तेव्हाही होती, वाचताही येत होती. पण दुसऱ्याने लिहिलेले वाचत राहणारा माणूस दुसऱ्याच्या नजरेनेच स्वतःकडे बघू लागतो. लेखणी आणि छापखाना आपल्या हातात हवा, हे त्यांनी ओळखले होते. एटीएजी म्हणजे अपंगांच्या हातात छापखाना देण्याचा ठराव.

ठरावाचे पुढे काय झाले? डब्ल्यूसीएजी अनेक देशांच्या कायद्यांत गेली. एटीएजी त्या मानाने फार मागे राहिली. जगाने मान्य केले की अंध माणसाला वाचता आले पाहिजे. तो संपादक होईल, पोस्टर रचेल, गाणे ध्वनिमुद्रित करेल, संकेतस्थळ चालवेल, हे त्याच जगाच्या कल्पनेत नीट बसले नाही. दया करणाऱ्याला घेणारा हात आवडतो, घडवणारा हात आवडत नाही.

एक उदाहरण वर्डप्रेसचे. जगातली असंख्य संकेतस्थळे आणि आपल्या चळवळीतले कितीतरी ब्लॉग त्यावर चालतात. ६ डिसेंबर २०१८ रोजी त्यात नवा संपादक आला, 'गुटेनबर्ग'. छपाईच्या जनकाचे नाव. तो येण्याआधीच, ऑक्टोबरमध्ये, वर्डप्रेसच्या सुलभता गटाच्या प्रमुखांनी राजीनामा दिला होता, कारण हा संपादक स्क्रीन रीडरने आणि कीबोर्डने वापरणे अवघड होते आणि त्यांच्या गटाचे ऐकले जात नव्हते. पुढच्या वर्षी विद्यापीठांतल्या वर्डप्रेस वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून स्वतंत्र तपासणी करून घेतली. तिच्या अहवालात दोषांची मोठी यादी निघाली. त्यानंतर दुरुस्त्या झाल्या, अजून होत आहेत. पण आधी दार बसवायचे आणि मग उंबरठा छाटायचा, हा क्रम इथेही चुकला नाही.

पोस्टर बनवण्याच्या ॲपमध्येही हेच. फोटो बोटाने ओढून जागेवर न्यायचा, कोपरा धरून मोठा करायचा. ज्याचा हात थरथरतो किंवा ज्याला दिसत नाही त्याने काय करायचे? ५ ऑक्टोबर २०२३ रोजी आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये ओढून करायच्या प्रत्येक कामाला न ओढता करता येईल असा पर्याय द्या, असा नियम घातला गेला. नियम आला. ओंजळ बाकी आहे.

जिथे दार खरोखर उघडले तिथे ते बहुधा अपंगांनी स्वतः उघडले. जॉजसारख्या सॉफ्टवेअरची किंमत हजार डॉलरच्या घरात होती. गरीब देशातल्या अंध विद्यार्थ्याने ती कुठून आणायची? ऑस्ट्रेलियातले मायकल करन आणि जेम्स टेह हे दोघेही अंध. लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात त्यांची ओळख झाली होती. करन यांनी २००६ मध्ये 'एनव्हीडीए' हा स्क्रीन रीडर लिहायला घेतला, टेह त्यांना येऊन मिळाले. तो विनामूल्य आहे, त्याचा कोड खुला आहे, आणि तो मराठीही वाचतो. टेह यांनीच पुढे 'रीपर' या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरसाठी 'ओसारा' नावाची जोड तयार केली. तिच्यामुळे अंध कलावंत स्वतः गाणे ध्वनिमुद्रित करतो, कापतो, जोडतो. आपल्याकडे भीमगीते गाणारे अंध गायक कमी नाहीत. गायच्या खुर्चीवरून ध्वनिमुद्रण करणाऱ्याच्या खुर्चीवर जायचा रस्ता त्यांच्यासाठी तयार आहे. त्यांना तो कोणी सांगितला का?

आपल्या देशात

संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांची यादी आहे. त्या यादीमागे महाड उभे आहे, हे सांगायला नको. पण धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या भेदांच्या यादीत अपंगत्वाचा शब्द नाही. अपंगत्व येते ते अनुच्छेद ४१ मध्ये, मार्गदर्शक तत्त्वांत. अपंगांसाठी पहिला सर्वसमावेशक कायदा यायला १९९५ साल उजाडले. सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक सूत्रे २००९ मध्ये आली. २०१६ च्या नव्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता आले पाहिजे असे बंधन घातले.

मग २०१७ मध्ये त्या कायद्याखालचे नियम आले आणि नियम १५ ने त्या बंधनाची केवळ शिफारस करून टाकली. अंध कार्यकर्ते राजीव रतुरी २००५ पासून सर्वोच्च न्यायालयात लढत होते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने सांगितले की कायदा सक्ती करतो आणि नियम विनंती करतो, हे चालणार नाही. नियम १५ मूळ कायद्याच्या विरोधात ठरवला गेला आणि सक्तीचे निकष तीन महिन्यांत करा, असा आदेश झाला. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि एका अंध वकिलाच्या याचिकांवर निकाल आला. बँकेची ओळखपडताळणी करताना कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा, असे ॲप सांगते. ज्यांच्या पापण्या ॲसिडने जाळल्या त्यांनी काय करायचे? न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क अनुच्छेद २१ च्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि सरकारला वीस निर्देश दिले.

शिष्यवृत्तीचा अर्ज, रेशन, पेन्शन, परीक्षेचा फॉर्म, जातप्रमाणपत्र, सगळे आता वेबवर आहे. आजचा पाणवठा तोच आहे. तिथे जाता येत नसेल तर आरक्षणही कागदावर राहते.

आणि सरकारने याच काळात काय दिले? २०१५ च्या डिसेंबरमध्ये 'दिव्यांग' हा शब्द दिला. अपंगांच्या अनेक संघटनांनी तेव्हाच आक्षेप घेतला की नाव दैवी करून जिना उतरत नाही. 'हरिजन' हा शब्द नाकारलेल्या समाजाला हा आक्षेप नव्याने शिकवावा लागू नये.

आपल्या घरातले कुलूप

आता सर्वांत अवघड भाग. व्यवस्थेला जाब विचारताना आपल्या घरात डोकावून पाहू.

मराठीत नव्वदच्या दशकात डीटीपी आले तेव्हा कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी असे फॉन्ट वापरात आले. त्यांत पडद्यावर मराठी दिसते, पण आत संगणकाच्या लेखी अनेकदा रोमन अक्षरांची भेळ असते. स्क्रीन रीडर ती भेळ वाचतो. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा आहे. तरीही आपल्या चळवळीची कितीतरी नियतकालिके, स्मरणिका, पुस्तिका जुन्या फॉन्टमध्ये अडकून आहेत. दुसरा प्रकार स्कॅन पीडीएफचा. आपल्या ग्रुपवर फिरणाऱ्या पुष्कळ ग्रंथांच्या पीडीएफ म्हणजे पानांचे नुसते फोटो असतात. त्यांत शोधता येत नाही, मजकूर उचलता येत नाही आणि अंध विद्यार्थ्याला त्यांतला एक शब्द ऐकू येत नाही. 'शिका' हा आदेश आपण सर्वांना देतो आणि पुस्तक मात्र डोळसांच्याच हातात ठेवतो. आपली भाषणे यूट्यूबवर आहेत, खाली मजकूर नाही. कर्णबधिर तरुणाला नुसते हलणारे ओठ दिसतात.

'आमच्या पेजवर अंध लोक येतच नाहीत', असे मला कुणीतरी हमखास सांगेल. तळ्यावरही अस्पृश्य येत नव्हते, मित्रांनो. ते का येत नव्हते?

यावरचे काम मोठे नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स या सगळ्यांवर चित्राचे वर्णन लिहायची जागा आहे, ती भरा. व्हॉट्सॲपवर पोस्टरसोबत तोच मजकूर खाली टंकून टाका. पांढऱ्यावर फिकट निळी अक्षरे नकोत. गडद निळ्यावर पांढरी ठेवा, ती सर्वांना वाचता येतात. जे लिहाल ते युनिकोडमध्ये लिहा. व्हिडिओखाली मजकूर द्या. आपले संकेतस्थळ महिन्यातून एकदा माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डवर चालवून पाहा.

आणि एक काम जरा मोठे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या हयातीत छापलेले लेखन सर्वांचे होते. बाबासाहेबांचे असे लेखन २०१७ पासून खुले आहे. अनुवादाचा हक्क मात्र अनुवादकाचा असतो, तेवढे तपासून घ्या. त्याखेरीज २०१२ च्या दुरुस्तीने अपंगांसाठी, नफा न घेता, कोणतेही पुस्तक वाचता येईल अशा रूपात करायला मोकळीक दिली आहे. मराठी विकिस्रोतावर स्कॅन समोर ठेवून एकेक पान युनिकोडमध्ये टंकता आणि तपासता येते. एका अभ्यासवर्गाने आठवड्याला दहा पाने केली तरी वर्षात पाचशे पाने होतात.

ते करताना अपंग साथींना केवळ वाचक म्हणून बोलावू नका. मुद्रितशोधक, संपादक, पेजचे चालक म्हणून बोलवा. त्यांना जिथे अडते ते साधन बदला, माणूस बदलू नका.

२००५ ची याचिका, २०१६ चा कायदा, २०२४ आणि २०२५ चे निकाल, ठराव आता पुरेसे झाले. पुढच्या १४ एप्रिलला आपल्या पोस्टरवर बोट ठेवणाऱ्याला 'फोटो' एवढेच ऐकू येणार की मिरवणुकीची वेळ आणि चौक, हे कोणत्याही न्यायालयाच्या हातात नाही. ते तुमच्या-माझ्या हातात आहे.

जय भीम! जय संविधान!